आधी मिळालेली प्रीती : पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मकथनांतील ईश्वरप्रेम आणि शेजारप्रेम

ख्रिस्ती नीतिविचारात शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा मध्यवर्ती आहे, हे सर्वज्ञात आहे. या आज्ञेचे वेगळेपण मात्र तिच्या आशयापेक्षा तिच्या आधारात शोधावे लागते. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे हा आदेश मुळात हिब्रू धर्मशास्त्रातील लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातला. शुभवर्तमानांत येशू त्याची सांगड अनुवाद ग्रंथातील ईश्वरप्रेमाच्या आज्ञेशी घालतो आणि दोहोंना एकत्र ठेवून त्यांत सगळे नियमशास्त्र सामावल्याचे सांगतो. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय याच्याही पुढे जातो. माणसाने देवावर प्रेम केले येथून प्रेमाचा आरंभ होत नाही. देवाने माणसावर आधी प्रेम केले, आणि माणसाचे प्रेम हा त्याला दिलेला प्रतिसाद आहे, असा तेथील युक्तिवाद आहे. लगेच त्याची कसोटीही दिली आहे : दिसणाऱ्या भावाचा द्वेष करणाऱ्याने न दिसणाऱ्या देवावरील प्रेमाची ग्वाही देऊ नये.

या विचारातील कळीचा शब्द ‘आधी’ हा आहे. माणूस प्रथम घेणारा असतो आणि मग देणारा होतो, असा क्रम त्यातून सूचित होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या दोन स्त्रियांच्या आत्मकथनांत हा क्रम कसा उतरला, आणि तेथे त्याचा अर्थ काय झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पंडिता रमाबाईंचे इंग्रजी निवेदन ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएग्झॉस्टिबल ट्रेझर’ (१९०७) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रकाशित) हे दोन ग्रंथ त्यासाठी समोर ठेवले आहेत. त्यामागे एक प्रश्नही आहे. देवाच्या प्रेमापोटी केलेले माणसावरचे प्रेम हे खरोखर त्या माणसावरचे प्रेम असते काय? की तो माणूस कुणाच्या तरी साधनेचे, किंवा धर्मप्रसाराचे, निमित्त ठरतो?

शब्दांचा प्रवास

हा प्रश्न युरोपीय परंपरेत जुना आहे. हिब्रू बायबलच्या ग्रीक भाषांतरकारांनी प्रेमवाचक हिब्रू धातूसाठी बहुतेक ठिकाणी ‘अगापान्’ हे क्रियापद वापरले. नव्या करारात त्याच कुळातील ‘अगापे’ हे नाम केंद्रस्थानी आले आणि कामनावाचक ‘एरोस’ हा शब्द तेथे आलाच नाही. लॅटिनमध्ये या एका ग्रीक शब्दासाठी ‘कारितास’ आणि ‘दिलेक्तिओ’ असे दोन शब्द रूढ झाले. इंग्रजीत टिंडलने १५२६ च्या भाषांतरात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायासाठी ‘लव्ह’ हा शब्द निवडला, तर १६११ च्या राजमान्य भाषांतराने तेथे ‘चॅरिटी’ ठेवला. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत पुन्हा ‘लव्ह’ आला. मधल्या काळात ‘चॅरिटी’ या शब्दाचा अर्थ दानधर्मापुरता आक्रसत गेला होता. त्या संकोचात प्रस्तुत प्रश्नाचे बीज आहे, कारण प्रेमाचे दानात रूपांतर झाले की देणारा वर आणि घेणारा खाली अशी रचना आपोआप तयार होते.

तत्त्वचिंतनाच्या पातळीवर ऑगस्टीनने ‘ख्रिस्ती शिकवणुकीविषयी’ या ग्रंथात उपयोग आणि उपभोग असा भेद केला. ज्याच्यात विसावायचे तो केवळ ईश्वर. बाकीच्या गोष्टी तिकडे जाण्यासाठी. मग शेजाऱ्याचे स्थान कोणते, असा पेच त्याच्यासमोर उभा राहिला आणि शेजाऱ्यावर ईश्वराकरिता प्रेम करावे या उत्तराकडे तो वळला. विसाव्या शतकात स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ अँडर्स न्यूग्रेन याने ‘एरोस आणि अगापे’ या ग्रंथात (पहिला भाग १९३०) याच्या विरुद्ध दिशेने मांडणी केली. ईश्वरी प्रेम समोरच्याची योग्यता पाहत नाही. ते ज्याच्यावर जडते त्यालाच मोल प्राप्त करून देते, आणि माणूस त्या प्रवाहाची केवळ वाहिनी असतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. ऑगस्टीनच्या मांडणीत शेजारी साधन होण्याचा धोका आहे. न्यूग्रेनच्या मांडणीत प्रेम करणारा माणूसच नाहीसा होण्याचा धोका आहे.

भारतीय भाषांनी या शब्दासाठी वेगवेगळी दारे उघडली. हिंदी आणि बंगाली बायबलमध्ये ‘प्रेम’, मल्याळममध्ये ‘स्नेहम्’ आणि तमिळमध्ये ‘अन्बु’ हे शब्द रुजले. ‘अन्बु’ या शब्दामागे तिरुक्कुरळमधील एक संपूर्ण अध्याय आणि प्रेम व शिव यांना अभिन्न मानणारी तिरुमूलरांची शैव परंपरा उभी होती. म्हणजे देव प्रेमरूप आहे हे योहानाचे विधान तमिळ वाचकाला सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नव्हते. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती भाषेने ‘मोग’ हा शब्द स्वीकारला. संस्कृत ‘मोह’ या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. मराठीत ज्या शब्दाने षड्रिपूंपैकी एकाचा बोध होतो, त्याचा सगोत्र शब्द शेजारच्या भाषेत ईश्वरी प्रेमाचा वाचक झाला, ही तौलनिक अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी बाब आहे.

मराठी बायबलने ‘प्रीती’ हा शब्द स्थिर केला. सेरामपूरहून १८११ मध्ये मोडी लिपीत मराठी नवा करार छापला गेला. त्यानंतर मुंबईत अमेरिकन मिशनच्या आणि पुढे बायबल सोसायटीच्या भाषांतरांतून मराठी ख्रिस्ती गद्याची परिभाषा घडत गेली. विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी मराठी ख्रिस्ती घरांतील बोलण्याचा भाग झाली. संतपरंपरेतील ‘भक्ती’ ही माणसाकडून देवाकडे जाणारी, ‘दया’ आणि ‘कृपा’ या वरून खाली उतरणाऱ्या, आणि ‘भूतदया’ ही सज्जनाचे लक्षण म्हणून सांगितलेली. ‘प्रीती’ या शब्दावर मात्र एकच दिशा कोरलेली नव्हती. देवाची माणसावर, माणसाची देवावर आणि माणसाची माणसावर, अशा तिन्ही नात्यांसाठी तो वापरता येत होता. तिन्ही नात्यांना एकच शब्द मिळाल्यामुळे योहानाच्या पत्रातील युक्तिवाद मराठीत न तुटता उतरू शकला.

फुलॅम येथील प्रश्न

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘टेस्टिमनी’मध्ये त्यांनी या काळातील एक भेट सविस्तर सांगितली आहे. लंडनच्या फुलॅम भागात धर्मभगिनींनी चालवलेले, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठीचे गृह त्यांना दाखवण्यात आले. तेथे त्यांना अशा काही स्त्रिया भेटल्या, की ज्या पूर्वी त्याच गृहात आश्रयाला आल्या होत्या आणि आता आजाऱ्यांच्या व दुर्बळांच्या सेवेत आयुष्य वेचत होत्या. अशा स्त्रियांसाठी काही करायला हवे, ही जाणीव आपल्याला तेथे प्रथमच झाली, असे रमाबाई नमूद करतात. त्या आधी सर्व स्त्रिया स्वभावतः दुष्ट असून त्यांना मोक्षाचा अधिकार नाही, असे शास्त्रग्रंथांत वाचलेली ही विदुषी होती. आपल्या शिक्षिका असलेल्या धर्मभगिनीला तिने विचारले : ख्रिस्ती लोकांना या स्त्रियांची काळजी का वाटते?

उत्तरादाखल त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्री आणि येशू यांची विहिरीवरची भेट त्यात आहे. या प्रसंगाकडे मराठी वाचकाच्या नजरेने पाहिले तर दोन गोष्टी ठळक होतात. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, आणि तरीही संभाषणाचा आरंभ येशूने तिच्याकडे पाणी मागण्यापासून होतो. जो पुढे जीवनदायी पाण्याविषयी बोलणार आहे, तो आधी तिच्या भांड्यातले पाणी मागतो. विटाळाच्या नियमांत वाढलेल्या ब्राह्मण स्त्रीला पाणी मागण्याच्या या कृतीचे वजन वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

फुलॅमचा प्रसंग आणि विहिरीचा प्रसंग यांची रचना सारखी आहे. फुलॅमच्या त्या स्त्रियांना प्रेम आधी मिळाले होते आणि त्यांची सेवा त्या मिळण्यातून उगवली होती. रमाबाईंना पटले ते केवळ उद्धारकर्त्यांचे औदार्य नव्हते. ज्यांचा उद्धार झाला असे म्हटले जात होते, त्याच आता देणाऱ्या झाल्या होत्या, हे त्यांनी पाहिले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुढे त्यांनी अशा स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हा स्वतंत्र विभाग काढला. त्याची बीजे या भेटीत आहेत.

तथापि ‘टेस्टिमनी’ हा ग्रंथ काळजीपूर्वक वाचला असता ‘आधी’ या शब्दाचा सरळ कालक्रमाने अर्थ लावता येत नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे रमाबाई स्वतःच सांगतात. म्हणजे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले ते या अनुभवापूर्वी. सेवा आधी आणि प्रेम लाभल्याचा साक्षात्कार मागाहून, असा हा चरित्रातला क्रम आहे. १९०७ मधील निवेदन मात्र पाठीमागे वळून या साऱ्या घटनांची मांडणी आधी लाभलेल्या कृपेच्या प्रकाशात करते. साक्ष या वाङ्मयप्रकाराचे हे वैशिष्ट्यच आहे. त्यात ‘आधी’ हा घडामोडींचा क्रम नसून अर्थाचा क्रम असतो. आपण जे केले ते आपल्या पुण्याईने नव्हे, हे सांगण्यासाठी निवेदक स्वतःला दात्याच्या जागेवरून उठवून याचकाच्या जागी बसवतो.

१८९३ चा वाद या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या भूमिकेतून निघालेल्या शारदा सदनातील विधवांचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याची टीका झाली. ‘केसरी’ने कडक भूमिका घेतली, आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळातील सुधारक संस्थेपासून दूर झाले. आपण कुणाला सक्ती केली नाही. पण आपली प्रार्थना बंद दाराआड करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. या वादात कोण बरोबर, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण टीकाकारांचा आक्षेप आणि ऑगस्टीनसमोरचा पेच यांचे मूळ एकच आहे, हे नजरेआड करता येत नाही. निराधार विधवेवर केलेले प्रेम तिच्यासाठी की तिच्या धर्मांतरासाठी, ही शंका प्रामाणिक होती. रमाबाईंचे उत्तरही तितकेच प्रामाणिक होते : जे आपल्याला जीवनदायी वाटले ते लपवून प्रेम कसे करावे? सत्तेची विषमता असलेल्या नात्यात हे उत्तर पुरेसे ठरते का, हा प्रश्न आजही खुला आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी केडगावला आणल्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून त्यांचे आईवडील गेले होते. त्या उपासमारीच्या स्मृतीनेच आपल्याला दुष्काळग्रस्तांकडे ओढून नेले, असे त्यांनी लिहिले आहे. ‘वाहिनी’ ही न्यूग्रेनची उपमा येथे अपुरी पडते. या स्त्रीतून प्रेम नुसते वाहून गेले नाही. तिच्या स्वतःच्या भुकेने त्याला आकार दिला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रूचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवले. ते सामान्य शिक्षणाच्या स्त्रियांना वाचता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडले. भाषांतर हाही येथे शेजारप्रेमाचाच एक प्रकार होता.

‘स्मृतिचित्रे’ : प्रेमाचा घरखर्च

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग याहून भिन्न आहे. नारायण वामन टिळक यांना नागपूर ते राजनांदगाव या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. शत्रूवरही प्रेम करा, कारण आकाशातील पिता दुष्टांवर आणि सज्जनांवर सारखाच सूर्य उगवतो, हा त्या प्रवचनातील विचार. येथे शेजारप्रेमाला ईश्वराच्या अनुकरणाचे रूप येते. टिळकांना हे परके वाटले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हणून आळवणारी त्यांची कविता वारकरी वात्सल्यभावाचीच पुढची वाट चालते.

परंतु विश्वाला कवेत घेऊ पाहणाऱ्या या प्रेमाचा पहिला घाव त्यांच्या पत्नीवर बसला. टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने काढावी लागली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. सोवळ्याच्या अतिरेकाने झपाटलेल्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या होत्या. त्या वेडाचे जे विनोदी आणि तितकेच करुण चित्र ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभी येते, ते केवळ बालपणाची गंमत म्हणून आलेले नाही. स्पर्श म्हणजे धोका, हे शिकवणाऱ्या जगातून स्पर्श म्हणजे नाते, हे मानणाऱ्या जगात येण्याचा प्रवास हे या आत्मचरित्राचे आंतरिक सूत्र आहे.

या प्रवासातील टप्प्यांचा क्रम मार्मिक आहे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराने त्यांना अस्वस्थ केले. तो माणसाचा, असा निर्णय होताच त्यांनी जातीचे निर्बंध सोडले. त्यानंतर, १९०० मध्ये, राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे परक्या माणसाच्या हातचे पाणी आधी आणि धर्माचे पाणी नंतर. न दिसणाऱ्या देवाकडे जाण्याची वाट दिसणाऱ्या माणसावरून जाते, ही योहानाच्या पत्रातील कसोटी त्यांनी धर्मशास्त्र न शिकता आपल्या आयुष्यात लावून पाहिली, असे म्हणता येईल.

‘स्मृतिचित्रे’चे दुसरे मोल असे, की या ग्रंथाने शेजारप्रेमाचा घरातला हिशेब मांडला. टिळकांच्या घरात निराश्रित मुले येत आणि राहत. हातातला पैसा समोर आलेल्या गरजवंताला दिला जाई. आणि चुलीवर काय चढवायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या पदरी पडे. आदर्शवादी पुरुषाच्या उदारतेची किंमत घरातील स्त्री मोजते, हे मराठी आत्मचरित्रात इतक्या स्पष्टपणे आणि इतक्या कमी कडवटपणे क्वचितच आले असेल. लक्ष्मीबाई पतीची थट्टा करतात, त्याच्यावर रागावतात आणि त्याच वेळी आलेल्या मुलांना जेवू घालतात. देवाच्या प्रेमाचे प्रवचन त्यांच्या लेखनात फारसे नाही. पंगतीत एक पान वाढवण्याची कृती मात्र पुन्हा पुन्हा आहे. टिळकांनी आरंभ केलेले आणि १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्याचा बराच मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. त्या ओवीबद्ध रचनेआधी त्यांनी प्रेमाचा अर्थ स्वयंपाकघरात शिकून घेतला होता.

दोन वाटा, एक कसोटी

रमाबाईंच्या निवेदनात कृपा आधी आणि सेवा नंतर अशी अर्थाची मांडणी आहे; लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात माणसाशी नाते आधी आणि धर्माचा स्वीकार नंतर असा घटनांचा क्रम आहे. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या दोन कथनांत एक समान धागा आहे. दोघींनीही आपण घेणाऱ्या होतो याचे स्मरण सोडले नाही. भुकेने व्याकूळ झालेली अनाथ मुलगी आणि आश्रित म्हणून दुसऱ्याच्या घरी राहिलेली पत्नी, या आपल्या पूर्वीच्या रूपांना त्यांनी आत्मकथनातून वगळले नाही. देवाच्या प्रेमाने माणसाचे प्रेम कसे घडते, या प्रश्नाला मराठी ख्रिस्ती साहित्याने दिलेले उत्तर या स्मरणात आहे. ज्याला आपण आधी घेतले हे आठवते, त्याचे देणे उपकाराच्या पातळीवर उतरत नाही.

या स्मरणाचा विसर पडल्याची उदाहरणे ख्रिस्ती इतिहासातही आहेत, आणि ती झाकण्याचे कारण नाही. जातीचे अंतर चर्चच्या दाराशी संपले नाही. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग समाजांतून आला, पण लिखित साहित्यात दीर्घकाळ ऐकू आला तो प्रामुख्याने ब्राह्मण धर्मांतरितांचा आवाज. प्रस्तुत लेखातील दोन्ही ग्रंथही त्याला अपवाद नाहीत. केडगावला आणलेल्या मुलींना, राहुरीच्या घरात जेवलेल्या मुलांना आपल्याला मिळालेल्या प्रेमाविषयी काय वाटले, हे या ग्रंथांतून आपल्याला कळते ते देणाऱ्यांच्याच शब्दांत. योहानाच्या पत्राची कसोटी अखेरपर्यंत लावायची, तर मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासकाराला ‘प्रीती’ या शब्दाचा शोध पाणी देणाऱ्यापाशी थांबवता येणार नाही. ज्याच्याकडे पाणी मागितले गेले आणि ज्याला ते दिले गेले, त्यांच्या साक्षीही मिशनच्या नोंदींतून, पत्रांतून आणि मौखिक आठवणींतून गोळा कराव्या लागतील.